वाईट सालाचे बक्षीस

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा हमरस्ता बांबवडे ओलांडून मलकापूरच्या रोखाने चढू लागला की उसाची दाटी विरळ होत जाते, खाचरे लहान होतात, बांध उंचावतात, आणि आंब्याच्या घाटमाथ्याशी पोहोचेपर्यंत येथली शेती डोंगराने नाइलाजाने सोडलेल्या चार-दोन पायऱ्यांवर उभी असल्याचे ध्यानात येते. शाहूवाडी तालुक्याचा हा पूर्वपश्चिम विस्तार काही फार मोठा नाही. परंतु विशाळगड, गजापूर, आंबा या टापूत कोसळणारा पाऊस आणि सरूड-बांबवड्याच्या शिवारात पडणारा पाऊस यांत एवढी तफावत आहे की या दोन्ही बाजूंची गावे एकाच तहसिलीच्या दप्तरात नांदतात, हा निव्वळ महसुली योगायोग वाटावा. कडवी नदी याच तालुक्यातून वाहत जाऊन वारणेला मिळते आणि कासारी पंचगंगेच्या प्रवाहांपैकी एक होऊन कोल्हापूरच्या दारात जाते. म्हणजे येथे पाऊस बिघडला की त्याची खबर खाली शहरालाही लागल्यावाचून राहत नाही.

या मुलखात भाताची पेरणी दोन रीतींनी होते. डोंगराकडच्या चिखलाच्या खाचरांत आधी तरवा टाकून मग रोपलावण करावयाची, ही एक. आणि जेथे जमीन व पाऊस दोन्ही त्याला अनुकूल तेथे मेच्या अखेरीस, रोहिणी नक्षत्राच्या सुमारास, कोरड्या मातीत कुरीने बी पेरून मृगाची वाट पाहावयाची, ही दुसरी. या दुसऱ्या रीतीस धूळवाफ पेरणी म्हणतात. वळवाच्या एक-दोन सरी पडलेल्या असाव्यात, मातीला वाफसा यावा, बी मातीआड जावे आणि त्यानंतर बेताच्या अंतराने मोसमी पाऊस लागावा, अशी ही सारी मांडणी असून तिच्यामागे कित्येक पिढ्यांनी केलेले आभाळाचे निरीक्षण उभे आहे. आभाळाने आपली रीत बदलली की हे निरीक्षण निरुपयोगी होते असे नाही, परंतु त्यावर विसंबून पैसा आणि बियाणे मातीत घालणाऱ्या माणसाचे दिवस कठीण होतात. २०२३ साली मोसमी पाऊस ११ जूनला कोकणच्या किनाऱ्यावर येऊन अडून बसला आणि महिना संपत येईपर्यंत पुढे सरकला नाही. त्याच वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत साऱ्या देशाला सर्वांत कोरडा ठरला. याच्या नेमके उलट २०२५ साली घडले. मोसमी पाऊस २५ मे रोजीच महाराष्ट्रात दाखल झाला, आणि ज्या दिवसांत कोरड्या मातीत कुरी चालावयाची त्या दिवसांत शिवारात चिखल होता. त्याआधीच्या २०१९ आणि २०२१ या दोन महापुरांची आठवण अजून ताजी आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असता २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५६ फुटांच्या वर गेले होते. उशिरा आलेला पाऊस, लवकर आलेला पाऊस, मध्येच ओढ देणारा पाऊस, आणि कापून पसरलेल्या भाताला शेतातच कोंब फोडणारा परतीचा पाऊस, अशी चार प्रकारची संकटे एकाच खातेदारावर पाच-सात वर्षांच्या आत येऊन जातात. त्यांत गव्यांचा कळप आणखी एखादी रात्र शेतात काढून जातो, ती गोष्ट निराळी. गव्यांची गणना हवामानबदलात होत नाही.

अशा परिस्थितीत सरकार काय करते, असे विचारल्यास पहिले उत्तर पंचनामा हे येते. नुकसान झाले की तलाठी येतो, पाहणी होते, पैसेवारी लागते, अनुदान मंजूर होते. हे आवश्यकच आहे. परंतु पंचनामा गेल्या सालाचा असतो, आणि येत्या सालाच्या पेरणीत काय बदल करावा याचे उत्तर त्याच्या रकान्यांत सापडत नाही. दुसरे उत्तर बक्षीस हे आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. कारण शेतकऱ्याने नवे काही करून पाहावे यासाठी इनाम लावण्याची प्रथा आपल्याकडे जुनी असून शाहूवाडीच्या तालुका कृषी कार्यालयात तिचा एक नमुना आजही चालू आहे.

राज्याच्या कृषी विभागाची पीक स्पर्धा हा तो नमुना होय. खरिपात भात, नाचणी, सोयाबीन, भुईमूग आदी पिकांसाठी ती घेतली जाते. तीनशे रुपये प्रवेश शुल्क भरावे, भात असेल तर निदान २० आर आणि इतर पीक असेल तर ४० आर क्षेत्र सलग असावे, जमीन स्वतःच्या नावावर असून ती स्वतः कसत असावे, आणि कापणीच्या वेळी समितीसमोर ठरलेल्या क्षेत्रातील धान्य मोजून द्यावे, असे तिचे साधारण नियम आहेत. तालुक्यात पहिल्या येणाऱ्यास ५,००० रुपये, जिल्ह्यात १०,००० आणि राज्यात ५०,००० रुपये असे बक्षीस आहे. या स्पर्धेची वंशावळ स्वातंत्र्यानंतरच्या अन्नटंचाईपर्यंत मागे जाते. 'अधिक धान्य पिकवा' ही त्या काळची घोषणा होती, परदेशी गव्हाच्या बोटींकडे डोळे लावून बसण्याची वेळ देशावर आली होती, आणि एकरी सर्वाधिक पीक काढणाऱ्यास 'कृषिपंडित' ही पदवी देण्यात त्या सरकारचे शहाणपणच होते. उसाच्या बाबतीतही हेच माप पुढे चालत आले. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा ऊसभूषण पुरस्कार आणि कोल्हापूरच्या शिवारात चावडीपासून कारखान्याच्या गेटापर्यंत ऐकू येणारी एकरी शंभर टनांची भाषा ही दोन्ही त्याच घराण्यातली होत.

दोष स्पर्धेत नाही, तो तिच्या मापात आहे. सर्वाधिक उत्पादन हे माप ठरले की स्पर्धा आपोआप सर्वांत चांगल्या जमिनीची, सर्वांत भरवशाच्या पाण्याची आणि सर्वांत चांगल्या सालाची होते. त्यातही भाताचा अर्ज भरण्याची मुदत ऑगस्टअखेरपर्यंत असते, ही बाब लहान दिसली तरी तिच्यात बरेच काही सामावलेले आहे. ऑगस्ट संपेपर्यंत ज्याचे पीक वाहून गेले किंवा करपले तो अर्ज कशाला करील? ज्याचे पीक डोलत आहे तोच तीनशे रुपये भरणार. परिणामी वर्ष कितीही वाईट गेले तरी स्पर्धेच्या दप्तरात ते चांगलेच गेलेले दिसते, आणि शेजारच्या वावरात ज्या माणसाने पाऊस तीन आठवडे हुकूनही निम्मे पीक वाचवले त्याची विद्या कोणत्याही कागदावर उमटत नाही. हवामान बिघडण्याच्या काळात आपल्याला खरी गरज आहे ती या दुसऱ्या माणसाची.

बक्षीस लावून नवी युक्ती घडवून आणता येते काय, याविषयी जगाला जुना अनुभव आहे, आणि तो संमिश्र आहे. समुद्रात जहाजाचे रेखांश काढण्याची रीत शोधणाऱ्यास ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ साली २०,००० पौंडांपर्यंत इनाम जाहीर केले. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने आयुष्य घालवून त्यासाठी अचूक घड्याळ बनवले, आणि मग नेमलेल्या मंडळाशी वाद घालण्यात त्याची उरलेली वर्षे गेली. याच ब्रिटिशांच्या हिंदुस्थान सरकारने १८७० च्या सुमारास ऱ्हिया नावाच्या वनस्पतीचा वाख सोलण्याच्या यंत्रासाठी ५,००० पौंडांचे बक्षीस लावले, सहारनपुरास चाचण्या भरवल्या, पुढे एकदा पुन्हा भरवल्या, आणि दोन्ही वेळा पूर्ण बक्षिसास पात्र असे यंत्र आले नाही. या दोन्ही गोष्टी दूरच्या आहेत. तिसरी आपल्या अंगणातली असून तिच्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

१९२९ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे एक लाख म्हणजे काय, हे कल्पनेनेच ताडावे. या बक्षिसाच्या अटी वाचताना त्या लिहिणाऱ्याच्या बुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. चरखा वजनाला हलका, उचलून नेण्याजोगा आणि खेड्यातल्या साध्या घरात हाताने वा पायाने सहज चालवता येण्याजोगा असावा. एका स्त्रीला त्यावर सलग आठ तास अतिश्रम न होता काम करता यावे. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. हिंदुस्थानात बनवून त्याची किंमत १५० रुपयांपलीकडे जाऊ नये. आणि वेळोवेळी डागडुजी केली असता तो निदान वीस वर्षे टिकावा. यंत्र कसे असावे याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते कोणासाठी, कोठे, किती श्रमात आणि किती पैशांत चालावे एवढेच सांगितले आहे. संशोधकाचे हात मोकळे ठेवून वापरणाऱ्याचे हित मात्र करकचून बांधून घेणारा असा दस्त आजच्या एखाद्या सरकारी निविदेतही विरळाच सापडेल.

ते आव्हान किर्लोस्करवाडीने स्वीकारले. औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर १९१० साली उभ्या राहिलेल्या या कारखान्याला शेतकऱ्याच्या दारात नवी वस्तू नेण्याचा अनुभव होता, आणि तो सुखाचा नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती आणि पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. तेव्हा चरखा बनवताना या मंडळींनी कसर ठेवली असेल असे मानण्याचे कारण नाही. यंत्र तयार झाले, त्याची परीक्षाही झाली; परंतु सर्व अटी एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत असा निर्णय पडला आणि एक लाख रुपये कोणालाच मिळाले नाहीत.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की अटी कितीही सुंदर असल्या तरी 'सर्व किंवा काही नाही' असे बक्षीस ठेवले म्हणजे दहातल्या आठ अटी पुऱ्या करणारा माणूस रिकाम्या हाताने परततो, आणि त्याचे एवढे सारे काम वाया जाते. दुसरी गोष्ट पैशाची आहे. किर्लोस्करांच्या पाठीशी ओतशाळा होती, कारागीर होते, हरल्यावर नांगर आणि चरक विकून कारखाना चालवता येत होता. गजापुराकडच्या दोन एकरांच्या धन्याने बक्षिसाच्या आशेने निम्म्या खाचरात नवा प्रयोग केला आणि तो फसला, तर वर्षाचे भात विकत घेण्याची पाळी त्याच्यावर येईल. बक्षीस हे यशानंतर मिळते. खर्च आणि धोका त्याआधी सोसावा लागतो. म्हणूनच बक्षिसांचा स्वभाव मुळात सुस्थितांना धार्जिणा आहे, आणि ही गोष्ट मान्य केल्याखेरीज पुढे जाता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी पहिल्या महायुद्धाच्या लोखंडटंचाईत पन्हाळ्यावरच्या निकामी तोफा नांगर ओतण्यासाठी किर्लोस्करांना दिल्या, असे कोल्हापुरात आजही सांगतात. त्यातले मर्म असे की काम होण्याआधी कच्चा माल हाती पडला. बक्षिसाची ओढ आणि आगाऊ दिलेला हात, ही दोन्ही लागतात.

अलीकडच्या काळात महाराष्ट्राने या दोहोंची सांगड घातलेली एक मोठी स्पर्धा पाहिली. पानी फाउंडेशनने २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत 'सत्यमेव जयते वॉटर कप' सुरू केला तेव्हा ११६ गावे उतरली आणि कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने पहिले ५० लाखांचे बक्षीस मिळवले. पुढल्या वर्षी तालुके तीस झाले आणि वर्ध्याकडचे काकडदरा हे लहानसे आदिवासी गाव पहिले आले. २०१८ साली पंचाहत्तर तालुके उतरले आणि माण तालुक्यातल्या टाकेवाडीने ७५ लाख पटकावले. २०१९ मध्ये बार्शी तालुक्यातले सुर्डी पहिले ठरले. उन्हाळ्यातले पंचेचाळीस दिवस, आणि त्यात गावाने आपल्या शिवारात पाणी अडवण्याची कामे करावयाची, असे त्याचे स्वरूप होते. परंतु बक्षिसाच्या रकमेपेक्षा त्याची रचना अधिक विचारात घेण्याजोगी होती. स्पर्धक व्यक्ती नसून गाव होते, त्यामुळे ज्याच्या शिवारात चर खणला जाई त्याच्या सातबाऱ्यावर किती क्षेत्र आहे हा प्रश्नच उठत नसे. स्पर्धेपूर्वी गावच्या माणसांना प्रशिक्षण मिळे, आणि यंत्रांच्या बाबतीत भारतीय जैन संघटनेसारख्या संस्था मदतीस येत. जी गावे हरली त्यांच्याही शिवारात चर, बांध आणि तळी शिल्लक राहिली. चरख्याच्या स्पर्धेत हरलेल्याच्या हाती फारसे काही उरत नाही. येथे बक्षीस न मिळालेल्या गावाच्याही विहिरीला पाणी आले.

तथापि वॉटर कपवर घेतले गेलेले आक्षेपही सर्वस्वी गैरवाजवी नव्हते. अडवलेले पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस मोजता येते. त्या पाण्याचे पुढे काय झाले, ते कोणाच्या विहिरीत गेले, त्यावर कोणते पीक उभे राहिले, हे पंचेचाळीस दिवसांत मोजता येत नाही. पाणी दिसले की ऊस दिसू लागतो, हा महाराष्ट्राचा अनुभव कोल्हापूरकरांना समजावून सांगावा लागणार नाही. २०२२ पासून त्याच संस्थेने 'फार्मर कप' सुरू केला, त्यात गावाच्या जागी शेतकऱ्यांचे गट आले, बक्षीस २५ लाखांचे झाले, आणि माप पाण्यावरून शेतीच्या व्यवहारावर सरकले, यावरून संस्थेलाही हा प्रश्न जाणवला असावा असा माझा तर्क आहे.

केलेल्या कामानंतर दिला जाणारा सन्मान आणि काम व्हावे म्हणून आधी लावलेले बक्षीस, यांत आपण सहसा फरक करत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले दादाजी खोब्रागडे यांनी पटेल-३ या भाताच्या वाणात दिसलेली निराळी लोंबी वेगळी काढून, ती पुनःपुन्हा पेरून, निवडून, एचएमटी हे वाण सिद्ध केले. ते मध्य भारतात दूरवर पसरले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांना २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते गौरवले, राज्य सरकारनेही पदक दिले. परंतु ज्या वाणावर कित्येकांचे व्यापार उभे राहिले त्याच्या जनकाचे दिवस हलाखीतच गेले आणि २०१८ साली ते वारले. सत्काराने मान वाढतो, प्रयोगाचा खर्च भरून निघत नाही. आणि त्यांच्यासारखे आणखी दहा जण पुढच्या हंगामात लोंब्या निवडू लागतील, अशी व्यवस्थाही त्यातून उभी राहत नाही.

विदेशांत या बाबतीत जे प्रयोग चालले आहेत त्यांतला एक मला विशेष बोधप्रद वाटतो. काही श्रीमंत देशांची सरकारे, जागतिक बँक व गेट्स फाउंडेशन यांनी मिळून 'ॲगरिझल्ट्स' नावाचा उपक्रम चालवला. नायजेरियात मक्यावरच्या एका बुरशीमुळे त्यात विष तयार होते. उष्ण आणि कोरड्या हवेत ती वाढते. तीवर उपाय म्हणून अफ्लासेफ नावाची निरुपद्रवी बुरशी शेतात टाकता येते, परंतु शेतकरी ती घेईनात. तेव्हा सर्वोत्तम संशोधकास बक्षीस देण्याऐवजी असे ठरवण्यात आले की ज्या कंपन्या लहान शेतकऱ्यांना बरोबर घेऊन असा सुरक्षित मका गोळा करतील त्यांना प्रत्येक टनामागे १८.७५ डॉलर द्यावयाचे. येथे पहिला कोणीच नाही. जितके शेतकरी जोडले गेले तितके बक्षीस. याच उपक्रमाने व्हिएतनामच्या थाय बिन्ह प्रांतात भातशेतीतून निघणारे हरितगृह वायू कमी करणाऱ्यांसाठी स्पर्धा घेतली, आणि नेपाळात ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने हवामानाशी जुळवून घेण्याचे उपाय अधिक लोकांपर्यंत नेणाऱ्या संस्थांना बक्षिसे देण्यात आली. या साऱ्यांत शोधापेक्षा प्रसाराला किंमत दिलेली आहे, आणि शेतीच्या बाबतीत तेच योग्य होय. शेतीतल्या बहुतेक युक्त्या कोठेतरी कोणालातरी ठाऊक असतात, त्या बांध ओलांडत नाहीत एवढेच.

आता हे सारे शाहूवाडीच्या मातीत आणून पाहू. येथे बक्षीस लावावयाचे झाले तर ते कशावर लावावे? माझ्या मते दोन निरनिराळ्या गोष्टींवर, आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

एक गोष्ट यंत्राची आहे. परतीच्या पावसात भिजलेले भात विजेविना वाळवण्याची स्वस्त सोय, एवढा एकच प्रश्न चरख्याच्या धर्तीवर मांडता येईल. दोन माणसांनी बांधावरून उचलून नेण्याजोगे असावे. जळण म्हणून तूस किंवा पालापाचोळा चालावा. आठवडाभर सूर्य दिसला नाही तरी एका लहान कुटुंबाचे भात कोंब न फुटता आणि कणी न होता गिरणीला जावे. मलकापूरच्या वा बांबवड्याच्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात ते दुरुस्त व्हावे. कोल्हापूरची फाउंड्री आणि यंत्रकामाची परंपरा पाहता या अटींना उतरणारे कारागीर मिळणार नाहीत असे नाही. फक्त चरख्याचे बक्षीस ठेवले तसे एकरकमी ठेवू नये. प्रत्येक अटीला हिस्सा असावा, आणि प्राथमिक फेरी पार करणाऱ्यास नमुना बनवण्यापुरते पैसे आधीच मिळावेत.

दुसरी गोष्ट लागवडीची आहे, आणि ती अधिक अवघड असूनही अधिक मोलाची आहे. तरवा एकाच दिवशी न टाकता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत टाकणे, चटईवर रोपे वाढवून पाऊस लागताच लावणीस तयार ठेवणे, नदीकाठच्या वावरात बुडून टिकणाऱ्या वाणाचा पट्टा राखणे, माळावरची नाचणी फेकून न पेरता रोप लावून घेणे, बांधाची पाण्याची वाट दगडाने बांधून काढणे, अशा कैक युक्त्या आज सुट्यासुट्या अस्तित्वात आहेत. पुरात बुडालेल्या भाताला दोन आठवडे तग धरण्याची ताकद देणारा गुण ओडिशातल्या एका जुन्या वाणात सापडला आणि त्यापासून स्वर्णा-सब-१ हे वाण २००९ साली प्रसारित झाले. नाचणीचे फुले कासारी हे वाण तर कोल्हापूरच्या शेंडा पार्कातल्या संशोधन केंद्राचे असून त्याचे नाव याच तालुक्यातून वाहणाऱ्या नदीचे आहे. केंद्र सरकारने २०२५ साली तेरा राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोसमी पावसाच्या आगमनाचा अंदाज काही आठवडे आधी मोबाइलवर पाठवला, आणि धूळवाफ पेरणाऱ्यास अशा अंदाजाइतकी उपयुक्त वस्तू दुसरी नाही. यांतली कोणती युक्ती गजापुरास चालेल आणि कोणती सरुडास, हे मात्र शेंडा पार्कात बसून ठरत नाही. ते शेतकऱ्यानेच ठरवावे लागेल, आणि त्यासाठीच बक्षीस.

त्याचे माप उत्पादन हे नसून टळलेले नुकसान हे असावे. असे माप घेण्याची साधने सरकारच्या हाती आजही आहेत. महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग दरवर्षी होतात. पैसेवारी त्यांवर ठरते, पीक विमा त्यांवर ठरतो. त्या मंडळाची सरासरी एका बाजूस आणि स्पर्धक गटाच्या खाचरांतली कापणी दुसऱ्या बाजूस ठेवून, तीन सालांतल्या सर्वांत वाईट सालाचा फरक मोजला म्हणजे काम झाले. अडचण इतकीच की मंडळ हे एकक सपाटीच्या मुलखासाठी योजलेले आहे. येथे एका डोंगराच्या दोन अंगांना दोन प्रकारचा पाऊस पडतो, आणि मंडळात बसवलेले एक स्वयंचलित हवामान केंद्र त्यांतल्या एकाच अंगाचे खरे बोलते. तेव्हा तुलना मंडळाशी न करता लगतच्या, तशाच उताराच्या आणि तशाच मातीच्या खाचरांशी करावी, आणि ती खाचरे पेरणीपूर्वी चिठ्ठ्या टाकून ठरवावीत. कापणीच्या वेळी ठरवली तर कोणाचे वावर मुद्दाम खराब निवडले यावरून ग्रामसभेत भांडण होणे अटळ आहे.

स्पर्धक कोण, हा प्रश्न याहून नाजूक आहे. जमीन स्वतःच्या नावावर हवी, ही पीक स्पर्धेची अट वरकरणी निर्दोष दिसते. परंतु तरवा उपटणारे आणि कमरेत वाकून रोप लावणारे हात बहुतांशी बायकांचे आहेत आणि सातबाऱ्यावर त्यांची नावे क्वचितच आढळतात. वाट्याने कसणाऱ्याचे नाव तर तेथे येतच नाही, आणि डोंगरावरच्या धनगरवाड्यांतली नाचणी-वरीची लहान शेते वीस किंवा चाळीस आरांच्या हिशेबात बसत नाहीत. पाऊस बिघडला तर जे सर्वांत आधी उघडे पडतात तेच या नियमाने स्पर्धेबाहेर राहतात. गटाने अर्ज करावा, गटात नाव असण्यासाठी सातबारा न मागता त्या शिवारात काम करत असल्याचा गावचा दाखला पुरे मानावा, आणि बक्षिसाचा निम्मा भाग पुढल्या सालात शेजारच्या किती कुटुंबांनी तीच युक्ती उचलली यावर द्यावा, असे मी सुचवीन. या शेवटच्या अटीने एक जुनी खोडही मोडेल. स्पर्धा आली की विद्या लपवण्याकडे माणसाचा कल होतो. शेजाऱ्याने ती उचलल्यावाचून पैसे मिळणार नाहीत असे ठरले, तर लपवण्यात हशील राहणार नाही.

आगाऊ हात कोठून द्यावा, याचे उत्तर सहकारात आहे. गावोगावच्या विकास सेवा सोसायट्या पीककर्ज देतात; नोंदणी झालेल्या गटाच्या प्रयोगाचे क्षेत्र फसल्यास तेवढ्या क्षेत्राचे कर्ज बक्षीसनिधीतून भरून द्यावे. निधीचा काही भाग असा 'हरलेल्यांसाठी' राखून ठेवणे काहींना विपरीत वाटेल. परंतु फसलेला प्रयोग प्रामाणिकपणे नोंदवून ठेवणे हे यशाइतकेच उपयोगी असते, आणि हरल्यास घर बुडणार नाही अशी खात्री असल्यावाचून लहान शेतकरी या मैदानात उतरणारच नाही. मग बक्षीस पुन्हा बांबवड्याच्या बागायतदाराच्या दिवाणखान्यात जाऊन बसेल.

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या आसपास लागते, म्हणून अटींचा कागद एप्रिलमध्येच चावडीवर लागला पाहिजे आणि नोंदणी पेरणीपूर्वी बंद झाली पाहिजे. ऑगस्टअखेर अर्ज घेण्याची सवलत येथे कामाची नाही. निकाल तीन सालांनी लागावा. यावर एक रास्त आक्षेप संभवतो, आणि तो असा की या तीन सालांत पाऊस नीट पडला, पूर आला नाही, मृग वेळेवर निघाला, तर टळलेले नुकसान मोजणार कसे आणि बक्षीस देणार कोणाला? त्याला उत्तर इतकेच की तसे झाल्यास निकाल पुढे ढकलावा आणि वाईट साल येईपर्यंत निधी तसाच राखून ठेवावा. चांगल्या सालाचे बक्षीस तालुका कृषी कार्यालयात आजही मिळते.